जुना झॉम्बीपट आजच्या पोरांसाठी नव्यानं करायचा तर मेलेले पळताना दाखवावेत का?

औसेकर: दिग्दर्शक रोमेरोंचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुतण्याला दाखवला. कृष्णधवल, एक शेतघर, आत सात माणसं, बाहेर उठून चालणारे मेलेले. पोरगं अर्ध्यातच उठलं. "काका, हे तर नुसते चालालेत." रिमेकमध्ये वेग वाढवावा का?

तेरणाकाठ: २००४च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये पळवलेच की. दचकायला होतं, पण आतल्या माणसांकडं बघायला सवड राहत नाही. 'नाइट'मध्ये तळघरात लपायचं का वर थांबायचं, हे आतल्यांचं भांडण मिटत नाही. खरी भीती तिथं आहे.

बीडची बाई: 'नाइट'च्याच १९९०च्या रिमेकमध्ये शेतघरात अडकलेली बार्बरा बदलली. मूळ सिनेमात ती सुन्न बसून राहते, इथं बंदूक उचलते. बदल करावा तर असा.

औसेकर: पटलं. मग आपल्याकडंच घडवा. थ्री फेज लाईट रात्री येते, माणूस मोटर चालू करायला उसात शिरतो. तोडणीला आलेल्या उसात दोन हातांपलीकडं दिसत नाही, पाचट मात्र वाजत राहतं. तिथं हळू चालणारेच पाहिजेत! शेवटाला मात्र कुणी हात लावू नये. मूळ सिनेमात रात्रभर तगलेल्या नायकाला, बेनला, सकाळी मेलेल्यांचा बंदोबस्त करायला आलेलेच गोळी घालतात. तो बदलला तर सिनेमाच करू नका.