अनुभव धागा: गच्चीवरची हायब्रीड काकडी

रामबागची_मुलगी
ऋषिपंचमी आली की घरात भाजीची यादी निघते. काल यादीत ‘काकडी’ लिहिलं आणि आजीच्या घरामागचं अंगण आठवलं. न्हाणीच्या भिंतीवर काकडीचा वेल चढवलेला असायचा. पंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून आजी ती जागा खुरप्यानेच उकरायची. बियासाठी एक काकडी वेलावरच ठेवलेली असे. ती पार पिवळी, मग तांबूस, जड होऊन मातीला टेकायची. आम्हा मुलांपैकी कुणी तिला हात लावला की आजीचा आवाज पुढच्या दारापर्यंत. बी धुऊन राखेत घोळवायचं, कापडात बांधून डब्यात. पुढच्या पावसाळ्यात तेच बी.

आता मी फ्लॅटच्या गच्चीवर ग्रो बॅगेत काकडी लावते, आणि पाकिटावर ‘एफ-१’, म्हणजे हायब्रीड. बी दर वेळी विकत. पण वेल काय सुरेख येतो! जवळजवळ प्रत्येक पेऱ्याला मादी फूल, काकड्या सरळ, साल पातळ, बी अगदी कोवळं. माझी जात परागीभवनाशिवाय फळ धरणारी आहे. पेरल्यापासून साधारण ४०-४५ दिवसांत तोडणी सुरू होते.

ज्यांनी घरी हायब्रीड काकडी लावली त्यांनी लिहा ना. माती, पाणी, कीड, चव, सगळं.

पोहे_जिरावन
ताजी काकडी, उभी चिरून, वर आपला जिरावन मसाला. इंदूरकरांना आणखी काय हवं.

सुदामानगरची_सून
ताई बरं झालं धागा काढलात. माझ्या काकड्या बोटाएवढ्या होतात आणि पिवळ्या पडून गळतात. खत घातलं, पाणी देते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. पाचवा मजला आहे. कुणीतरी सांगा, वेल बघून जीव तुटतो.

गच्चीतला_माळी
@सुदामानगरची_सून वहिनी, दृष्ट नाही, परागीभवन होत नाहीये. ज्या फुलामागे इवलीशी काकडी दिसते ते मादी, नुसत्या देठावरचं ते नर. सकाळी फूल उमललं की नर फूल तोडा, पाकळ्या मागे करा आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हलकेच फिरवा. ९-१० च्या आत उरका, दुपारनंतर फूल मिटतं. पाचव्या मजल्यावर मधमाश्या फारशा चढत नाहीत. शेजारच्या कुंडीत तुळस नाहीतर झेंडू लावा, येतील.

रामबागची_मुलगी
आणि पाकीट नीट वाचा. काही हायब्रीड वेलांवर जवळपास सगळी मादी फुलंच येतात, तरी त्यांना पराग लागतो. तशांच्या शेजारी एक साधा वेल हवा. माझ्यासारखी बिनपरागाची जात असेल तर उलटं. तिला जवळच्या देशी वेलाचा पराग मिळाला तर काकडी एका टोकाला फुगते आणि बी भरतं.

सुदामानगरची_सून
सकाळी डबे असतात हो. पण करून बघते उद्या. थँक्यू दोघांना.

शेतकी_काका
शेतकी विषय शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून थोडं लांब लिहितो. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी. ही पिढी एकसारखी आणि जोमदार. तिचं बी धरलं तर पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून येतात. एक वेल असा, दुसरा तसा. म्हणून बी दर वेळी नवं घ्यावं लागतं. काकडीतला आपल्याकडचा जुना हायब्रीड म्हणजे ‘पुसा संयोग’, कुलूच्या कटराईन संशोधन केंद्रातला. जपानी मादी-फुलांचा वाण आणि ‘ग्रीन लाँग नेपल्स’ यांचा संकर.

हा वेल खादाड असतो, नुसत्या मातीवर जगत नाही. आणि खताचं नाव निघालं तर इंदूरकरांनी मान ताठ करायला हवी. साऱ्या जगात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी शिकवली जाते ती आपल्याच गावची. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संस्थेत होते, आजचं कृषी महाविद्यालय तिथेच. त्यांच्या सोबत यशवंत वाड होते. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर, ओलावा टिकवायचा, वरखाली करायचं, तीनेक महिन्यांत खत तयार. आज आपण ओला कचरा वेगळा करतो त्यातला थोडा घरीच मुरवा. माझ्या बॅगेत एक तृतीयांश तेच असतं, बाकी काळी माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नुसती काळी माती नको, पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात.

नेहा_स्नेहलतागंज
काका, वाडांबद्दल माहीतच नव्हतं! माझ्या मुलाला प्रोजेक्टला हाच विषय देते.

पुण्याहून_इंदूरची
थोडं अवांतर. बालम ककडी आली का बाजारात? ती रतलामजवळच्या सैलान्याकडची, मोठी, आतून केशरी. इथे पुण्यात कुणाला समजावून सांगता येत नाही. खूप आठवण येते.

पोहे_जिरावन
आली की! या लवकर, एक राखून ठेवतो.

कुंडी_ते_ताट
कडू का होते? माझ्या मेमध्ये निम्म्या कडू निघाल्या.

गच्चीतला_माळी
ऊन आणि पाण्याची ओढाताण. इंदूरचं तापमान ४० च्या वर गेलं आणि बॅग एकदा कोरडी, एकदा चिखल अशी झाली की वेल कडवटपणा वाढवतो. देठाकडे जास्त. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी, वर हिरवी जाळी, मातीवर वाळलेल्या पानांचा थर. फार कडू लागली तर टाकून द्या, पोट बिघडतं. आणि काकडी वेलावर म्हातारी होऊ देऊ नका, पुढची फळं येणं मंदावतं.

लोकमान्यनगर_आजी
देठाकडचा तुकडा कापून त्याच तुकड्याने चोळायचं, फेस येतो तो धुवायचा. आमच्या सासूबाई असंच करत. खमंग काकडीत दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, तूप-जिऱ्याची फोडणी. आणि रामबागच्या लेकी, पंचमीच्या भाजीला तुझी काकडी चालते हो. बैल कुठे आला तुझ्या गच्चीत!

रामबागची_मुलगी
आजी, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. नक्की घालते.

नेहा_स्नेहलतागंज
पानांवर पिवळे चौकोनी डाग आलेत, शिरांच्या मधे मधे. भुरी आहे का?

शेतकी_काका
भुरी नव्हे, केवडा रोग. भुरीत पानावर पिठासारखं पांढरं दिसतं. केवड्यात डाग शिरांनी आखल्यासारखे कोनदार, आणि सकाळी पान उलटलं की खाली राखाडी बुरशी. डागाळलेली पानं आजच काढा, वेल ताटीवर उभा बांधा म्हणजे हवा खेळेल, पाणी पानांवर नको, मुळाशी. लाल भुंगेरे दिसले तर सकाळी सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

कुंडी_ते_ताट
फळमाशीसाठी काय? काकडी वाकडी होते आणि आत अळ्या.

गच्चीतला_माळी
क्यू ल्यूरचा सापळा. त्याच्या वासाने नर माश्या येतात आणि त्यात अडकतात. किडलेली फळं कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. आपल्या छावणी भागात बियाण्यांच्या दुकानांत विचारा सापळ्याचं.

सुदामानगरची_सून
छावणीला कुणी जाणार असेल तर माझ्यासाठीही एक आणा प्लीज. पैसे लगेच पाठवते.

कुंडी_ते_ताट
शनिवारी जातोय. कुणाकुणाला हवेत ते इथेच लिहा.