मदत हवी आहे: सर्फ मॅटमध्ये हवा नेमकी किती ठेवायची?

राजेहो, दिवाळीनंतर मालवणला जायचंय आणि मावसभावाने सर्फ मॅट दिलीये, म्हणजे लाटेवर स्वार व्हायची हवा भरायची गादी. नायलॉनची, आत लांब कप्पे. पोटावर झोपून पुढचे दोन कोपरे धरायचे, पायात फिन्स घालून लाट पकडायची, एवढं कळलं. मॅटवरच्या सर्फिंगसाठी नावाजलेले जॉर्ज ग्रीनो मॅट मुद्दाम ढिली ठेवायचे म्हणतात. पण ढिली म्हणजे किती?

गच्चीवर फुगवली तर आपल्या नागपुरी उन्हात दगडासारखी टणक होते. टाक्याच्या थंड पाण्यात टाकली की हवा आकसते अन् लगेच मऊ पडते. मग शेवटची फुंक समुद्रात उतरूनच मारायची का? माझं वजन ऐंशीच्या वर आहे; जास्त ढिली ठेवली तर मधून दुमडते.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या शिवणीतून बारीक बुडबुडे येतात. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन नायलॉनवर टिकेल का? इतवारी-बर्डीकडे तंबू, रेनकोट नीट दुरुस्त करणारं कोणी असेल तर दुकानाचा पत्ता द्या.

आणि अंबाझरी तलावावर ट्राय कर म्हणू नका भाऊ, तिथं लाट कुठून आणू!