मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरचं तापणारं घर

ठाण्यात नौपाड्याला चाळीसेक वर्षं जुन्या इमारतीत आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही निवत नाही, पंख्याखाली गरम झळा लागतात. आईला झोप नाही. एसी घेण्याआधी घरच सुधारायचं ठरवलंय. ७५ वॅटचे जुने पंखे काढून तीसेक वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेणार, ते नक्की. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा लावला, दुपारी बराच फरक पडला.

अडलंय गच्चीपाशी. पांढरा उष्णतारोधक रंग मारावा की चायना मोझॅक (गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवणं) करावं? मोझॅकचं वजन जुन्या स्लॅबला झेपेल का? एका कोपऱ्यात ओलही आहे, त्यामुळे वॉटरप्रूफिंग आधी करावंच लागेल. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी चौरस फुटाचा खर्च आणि सोसायटीला कसं पटवलं ते कृपया सांगा.