बोर्कपेक्षा गार्लंड प्रकरण जास्त गंभीर

अमेरिकन सिनेटमधली न्यायाधीशांवरची भांडणं १९८७ला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांच्यापासून सुरू झाली, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. बोर्क यांची रीतसर सुनावणी झाली, मतदान झालं आणि ते ४२ विरुद्ध ५८ असे पडले. सहा रिपब्लिकनही त्यांच्या विरोधात गेले होते.

गार्लंड यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. मार्च २०१६मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव सिनेटकडे पाठवलं. निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, असं म्हणत सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते मॅकॉनेल यांनी ते शेवटपर्यंत अडवलं. एक दिवस सुनावणी नाही. आणि २०२०मध्ये त्याच मॅकॉनेलनी ट्रम्प यांनी सुचवलेल्या बॅरेट यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला आठ दिवस उरले असताना ५२-४८ने सर्वोच्च न्यायालयात बसवलं! हा उघड दुटप्पीपणा आहे आणि त्याची मला आजही चीड येते.

डेमोक्रॅट्सही धुतल्या तांदळासारखे नाहीत. सिनेटमध्ये चर्चा थांबवून नेमणुकीवर मतदान घ्यायला लागणारी ६० मतांची अट खालच्या न्यायालयांसाठी २०१३मध्ये त्यांचे सिनेटमधले नेते रीड यांनीच काढली; २०१७मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही काढली. त्या अटीमुळे निदान समोरच्या बाकावरची काही मतं मिळवावी लागत. १९८६ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून स्कॅलिया ९८-० असे निवडले गेले होते. आता साध्या बहुमतावर तहहयात नेमणूक होते.