घरची ओढ दाखवणारी शॉर्टफिल्म: काय बघू?

नमस्कार मंडळी, मी आणि एक मैत्रीण मिळून पंधरा-वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, कामासाठी परदेशात गेलेल्या बाईची. स्क्रिप्ट झालंय पण फ्लॅशबॅक फार झालेत असं सारखं वाटतंय, दर दोन सीनला ती खिडकीत उभी आणि जुनं घर आठवतंय. रडारड नकोय. या विषयावरचं आवर्जून बघावं असं काही सुचवा ना, जुनं, मूकपट, काहीही चालेल.

प्रतिसाद १:
चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' आधी बघा. १९१७ चा, दोन रिळांचा, म्हणजे साधारण तुमच्याच लांबीचा. जहाजावरची माणसं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे डोळे लावून उभी असतात आणि तेवढ्यात अधिकारी दोर ओढून त्यांना मेंढरांसारखं एका बाजूला कोंबतात. संपलं. फ्लॅशबॅकची गरजच काय!

प्रतिसाद २:
तुमच्या विषयाला सर्वात जवळचा सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेम्बेनचा 'ब्लॅक गर्ल' (१९६६), तासाभराचा आहे. सेनेगलची राजधानी डकारहून फ्रान्सला मुलं सांभाळायला म्हणून आलेली दिउआना, तिथे तिच्याकडून स्वयंपाक-धुणी करून घेतात. आईचं पत्र येतं, हिला वाचता येत नाही, मग मालकच वाचतो आणि उत्तरही तोच लिहायला बसतो, हिच्या नावाने! ती पत्र फाडून टाकते. यात मागच्या आठवणीही आहेत बरं का, त्यामुळे फ्लॅशबॅक सरसकट उडवा असं मी नाही म्हणणार, पण त्यातून नवीन काहीतरी कळायला हवं, नुसतं घर किती छान होतं एवढंच नको.

प्रतिसाद ३:
कथापट नाही पण बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमनचा 'न्यूज फ्रॉम होम' (१९७६) सोडू नका. पडद्यावर नुसतं न्यूयॉर्क आणि तिच्या आईची पत्रं वाचणारा आवाज, मधेच गाड्यांच्या आवाजात शब्द बुडतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आमच्यात पत्र नाही, व्हिडिओ कॉल आहे, ऐन बोलण्यात नेटवर्क जातं आणि ती रडते असं लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद ३:
नेटवर्क जाणं फार वेळा बघितलंय हो. कॉल चालूच राहू दे, फोन नळाशेजारी टेकवलेला, तिकडून आई बोलतेय, ही हो हो म्हणत मालकाची भांडी घासतेय आणि पाण्याच्या आवाजात आईचं अर्धं ऐकूच येत नाही. मात्र साउंडवाला शूटिंगलाच सोबत घ्या, आवाज एडिटमध्ये बघू म्हणाल तर हा सीन हातचा जाईल.