नाशकात पोरांना घेऊन जायचं तर कुठे?

इंदिरानगरची आई: आम्ही मागच्या वर्षीच इकडे राहायला आलो, मुलगा ७ आणि मुलगी ४ वर्षांची, दर रविवारी मॉल मॉल करून वैताग आलाय आता. काहीतरी आपल्याकडचं दाखवायचंय, पण गर्दीत पोरं सांभाळायचं टेन्शन येतं. जुन्या नाशिककरांनी सांगा ना.

पंचवटीकर: ताई, कामदा एकादशीचा रथ चुकवू नका. काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात, मानाचे पुजारी, म्हणजे बुवा, रथाकडे तोंड करून उलटे चालतात, ते बघून पोरं आ वासतात. फक्त रामकुंडाजवळ रेटारेटी असते म्हणून मंदिराजवळच बघा न् परत फिरा.

गावठाणातला: आणि रंगपंचमीची रहाड! पेशवेकालीन हौद, वर्षभर फळ्या न् माती टाकून बुजवलेला, त्या दिवशी उघडतात आणि वरून धप्पाधप उड्या. पण खोल असते हो, तुमच्या दोघांना लांबूनच दाखवा. माझा भाचा रंगाला घाबरून जे भोकाड पसरला की आम्ही पाच मिनिटांत घरी.

इंदिरानगरची आई: बापरे, लांबूनच मग 😅 शांत काही नाही का?

वाचनवेडी: आहे की. २७ फेब्रुवारीच्या आसपास कुसुमाग्रज स्मारकात चक्कर मारा. कालिदास नाट्यगृहात बालनाट्य लागलं की मुलाला न्या, धाकटीला नको, अंधार झाला की रडतात. आणि सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, मेंबरशिप घेऊन टाका.