निकालानंतर घरात राजकारण बंद? हा तह मला पटत नाही

पाऊलवाट
४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि त्याच रात्री थोरल्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान काढलं: यापुढे इथे वाढदिवस, लग्नकार्य आणि आजारपण एवढंच, राजकारणाचा एक शब्द नको. दिवसभरात झालंच होतं तसं. भाजप २४० वर थांबला, बहुमताचे २७२ स्वबळावर गाठता आले नाहीत, म्हणून आतेभावाने सकाळपासून मीमचा धडाका लावला. "काँग्रेसच्या ९९ वर नाचताय होय?" असं काकांनी विचारलं. मग जुनी उणीदुणी निघाली, कोण कोणाच्या लग्नाला आलं नव्हतं इथवर गाडी गेली आणि आत्या ग्रुप सोडून गेली.

तह आजही पाळला जातोय. लोकसभेला राज्यात ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला; नोव्हेंबरात विधानसभेला २८८ पैकी महायुतीच्या तीन पक्षांच्या मिळून २३०. एवढी उलथापालथ झाली तरी आमच्याकडे कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे म्हणतात, बघा, किती छान चाललंय.

मला ते छान वाटत नाही. आतेभाऊ कांदा करतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती उठली मे २०२४ मध्ये. तोवर त्याने मिळेल त्या भावाने माल काढला होता. त्याचं मत तिथे ठरलं. काका मार्च १९९३ मध्ये मुंबईत नोकरीला होते आणि बॉम्बस्फोटांच्या दिवशी वरळीहून चालत घरी आले. सरकार कणखर हवं, बाकी सगळं नंतर, हे त्यांचं तेव्हापासूनचं म्हणणं. दोघांनाही एकमेकांची ही बाजू ठाऊक नाही. काकांच्या लेखी आतेभाऊ कोणाच्या तरी नादी लागलेला, आणि आतेभावाच्या लेखी काकांचं डोकं टीव्हीने फिरवलेलं. बोलणंच बंद केल्यावर हे गैरसमज दूर व्हायचे कसे? भांडण मिटलेलं नाही, आत मुरतंय.

ओसरी
साफ असहमत. काकांनी शहाणपणा केला. तुम्हाला वाटतं बोलल्याने माणसं एकमेकांना कळतात. माझा अनुभव असा की बोलल्याने फक्त आवाज चढतात. आमच्याकडे सासरे आणि दीर यांच्यात २०१९ पासून हा वाद चालू होता. कोणाचं मत तसूभर हललं नाही. सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी दीरच रात्ररात्र दवाखान्यात बसून होते, आणि त्यांनी तेव्हा एकदाही विषय काढला नाही. मला ते ढोंग वाटलं नाही, माया वाटली.

सगळंच बोलून मोकळं व्हायला हवं हा हट्ट कशासाठी?

शाई
पाऊलवाट यांच्याशी सहमत, पण एक अट घालून.

२० मेला मुंबईत एका केंद्रावर मी मतदान प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान सुरू झालं. यंत्रावर किमान ५० मतं टाकायची, निकाल काढून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडून पाहायचा, मग यंत्र कोरं करून चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि सील लावायचं. माझ्या शेजारी, एकाच बाकावर, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी. सीलवर दोघांच्या सह्या. दिवसभरात दोनदा आमची जुंपली, एकदा तर केंद्राध्यक्षांना मध्ये पडावं लागलं. पण संध्याकाळी नमुना १७ सी भरला, एकूण किती मतं पडली तो आकडा दोघांनीही आपापल्या कागदावर तपासला आणि सही करून प्रत घेतली. निघताना त्यानेच मला स्टेशनपर्यंत सोडलं. उत्तर पश्चिम मुंबईत अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला, तेव्हा त्या कागदाची किंमत मला आणखी कळली.

आम्ही भांडू शकलो, कारण समोर दोघांना मान्य असलेला कागद होता. घरात तो नसतो. काकांचा व्हिडिओ वेगळा, भाच्याचा वेगळा. आधी एखादी तरी गोष्ट दोघांनी मिळून तपासावी, मग खुशाल वाद घालावा.

ओसरी
शाई, तुमच्या खोलीत केंद्राध्यक्ष होते आणि हाताशी नियमांचं पुस्तक होतं. घरात केंद्राध्यक्ष कोण? थोरले काका? ते तर स्वतःच एका बाजूचे.

गोदाकाठ
तुम्हा सगळ्यांच्या घरात पक्षाचा वाद आहे. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला, बजरंग सोनवणे जिंकले आणि पंकजा मुंडे हरल्या. त्यानंतर पक्षाचं नावही कोणी घेत नव्हतं. मराठा की ओबीसी, एवढंच. कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा, कोणाच्या जीपमध्ये बसायचं, हे ठरवून सांगितलं जाऊ लागलं. माझा वर्गमित्र बाजारात समोर दिसला आणि रस्ता ओलांडून गेला. तीस वर्षांची मैत्री, आणि मत कोणाला दिलंस हे त्याने विचारलंही नाही. आडनावावरून त्याने ते गृहीतच धरलं होतं.

इथे "बोला" म्हणणं सोपं आहे. पहिला शब्द कोणी बोलायचा? जो बोलेल त्याला त्याचेच लोक फितूर म्हणतात. आणि ओसरीताई, गप्प बसणं इथे मायेचं लक्षण नाही. ते बहिष्काराचं आहे. त्या उन्हाळ्यात टँकरपाशी मात्र सगळे एकत्र यायचे, कारण पाणी सगळ्यांनाच हवं होतं. मित्राशी पहिलं बोलणं तिथेच झालं, तेही हंड्यांचा नंबर लावण्यावरून. निवडणुकीबद्दल आम्ही अजूनही बोललेलो नाही.

मुळाक्षर
दोन्ही बाजूंच्या भावना सारख्याच, असं सगळ्यांनी धरून चाललंय. माझ्यासाठी ते तसं नाही. लोकसभेच्या प्रचारात संविधान बदलण्याची भाषा झाली तेव्हा आमच्या वस्तीत माणसं खरोखर धास्तावली होती. माझ्या आजीने तिच्या हयातीत पाणवठ्यावरून हाकललं जाणं सोसलेलं आहे. ऑफिसातला सहकारी म्हणाला, "अरे, हा प्रचाराचा भाग, एवढं काय मनावर घेतोस?" त्याला ते प्रचार म्हणून सोडून देता येतं, मला येत नाही. त्याच्याशी मी रोज बोलतो, काम करतो. मैत्री मात्र उरली नाही, आणि ती उरायलाच हवी असा आग्रह कोणी धरू नये.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते मी कोणत्याही पक्षाच्या माणसाला ऐकवतो.

उंबरठा
मुळाक्षर, तुमची धास्ती मी खोटी म्हणणार नाही. पण तुम्ही बाबासाहेबांचा 'भक्ती' हा जो शब्द वापरलात, तोच 'भक्त' म्हणून माझ्या तोंडावर शिवीसारखा फेकला जातो. मी भाजपला मत देते. देशभरात ज्या साधारण ३६ टक्के मतदारांनी ते दिलं, त्यांतली एक. आईला उज्ज्वला योजनेचा सिलिंडर मिळाला, गावचा रस्ता झाला, म्हणून देते. कॉलेजच्या मैत्रिणींत हे सांगितलं तर पुढची दहा मिनिटं माझी उलटतपासणी होते, म्हणून आता सांगतच नाही.

आणि पाऊलवाट, मतदान गुप्त का ठेवलं असेल? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १९५१ चं कलम १२८ गुप्ततेचा भंग करणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा देतं. तो अधिकार मला घरातही हवा आहे. "मोकळेपणाने बोलू या" असं बहुतेक वेळा तेच म्हणतात, ज्यांचं तिथे बहुमत असतं.

पाऊलवाट
गोदाकाठ, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. फक्त घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं.

उंबरठा, मत कोणाला दिलं ते कोणीच विचारू नये, हे मान्य. मी काकांना तसं विचारणारही नाही. पण कांदा चाळीत सडताना पाहिलेल्या भाच्याचं त्यांनी ऐकावं आणि १९९३ ची ती दुपार भाच्याने ऐकावी, एवढं तर मागता येईल ना? सुट्टीत काकांना त्याच्या शेतावर घेऊन जाणार आहे. पक्षाचं नाव निघालं तर तिथेच थांबवीन.

उंबरठा
घेऊन जा. पण भाच्याला आधी विचारा. त्याला आपलं दुःख काकांपुढे मांडायचंच नसेल, तर तोही त्याचा हक्क आहे.

शाई
आणि जाताना बाजारसमितीच्या पावत्या त्याला काढून ठेवायला सांगा. काकांसारखी माणसं कागद वाचतात.